भूतकाळाचा शिक्का एकदाच

'आय डिडन्ट वेंट.' मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कधी ना कधी निघतंच. वर्गात निघालं तर बाई लाल रेघ मारतात, नोकरीच्या मुलाखतीत निघालं तर समोरचा माणूस मनातल्या मनात मारतो. चूक झाली हे सगळेच सांगतात. ती का झाली हे सांगायला मात्र फारसं कुणी थांबत नाही. 'डिडनंतर क्रियापदाचं पहिलं रूप' एवढा नियम वहीत उतरवून घेतला जातो आणि पुढच्याच आठवड्यात 'ही डिडन्ट केम' कानावर पडतं.

या चुकीमागे अडाणीपणा नाही, पक्कं मराठी व्याकरण आहे. 'मी गेलो' याचा नकार करायचा तर मराठी माणूस 'गेलो'ला हातही लावत नाही. पुढे 'नाही' ठेवतो आणि मोकळा होतो. प्रश्न विचारायचा तर 'तू गेलास का?' म्हणतो. भूतकाळाचं रूप जिथल्या तिथे राहतं. हीच सवय इंग्रजीत नेली की 'वेंट' जागचं हलत नाही आणि त्याच्या शेजारी 'डिडन्ट' येऊन बसतं. एका वाक्यात दोन भूतकाळ झाले. इंग्रजीला ते खपत नाही. तिथे क्रियापद एका शब्दाचं असो की चार शब्दांचं, काळाचा शिक्का एकदाच मारायचा आणि तोही रांगेतल्या पहिल्या शब्दावर.

शाळेत हे असं सरळ सांगितलं गेलं असतं तर पुष्कळांचा इंग्रजी भूतकाळ सोपा झाला असता.

'शी वेंट' या वाक्यात क्रियापदाचा शब्द एकच, म्हणून शिक्का त्याच्यावरच. 'शी वॉज गोइंग' यात शब्द दोन. शिक्का 'वॉज'वर, आणि 'गोइंग'ला स्वतःचा काळच नाही. खात्री करून घ्यायची तर हेच वाक्य वर्तमानात आणून बघावं: 'शी इज गोइंग.' बदललं ते फक्त पहिलं. आता लांब रांग घेऊ. 'शी हॅज बीन वेटिंग' म्हणजे ती केव्हापासून वाट बघतेय. 'शी हॅड बीन वेटिंग' म्हणजे ती तेव्हा केव्हापासून वाट बघत होती. 'बीन' तेच, 'वेटिंग' तेच. 'हॅज'चं 'हॅड' झालं आणि अख्खं वाक्य मागे गेलं.

पहिल्यानंतरच्या शब्दांची रूपं मग ठरतात कशी? प्रत्येक शब्द आपल्या पुढच्या शब्दाचं रूप ठरवतो. 'हॅव' कुळातला शब्द आला की पुढच्याने तिसरं रूप घ्यायचं: 'हॅड गॉन', 'हॅड ईटन'. चालू क्रियेसाठी 'बी' कुळातला आला की पुढच्याला 'इंग': 'वॉज ईटिंग'. तोच 'बी' कर्मणीसाठी आला तर पुन्हा तिसरं रूप: 'वॉज ईटन'. आणि 'कॅन', 'विल', 'मे', 'मस्ट' यांच्यापैकी कुणी आला तर पुढे निव्वळ मूळ धातू. यांचा क्रमही ठरलेला आहे: आधी 'मे'सारखा शब्द, मग 'हॅव', मग चालू क्रियेचा 'बी', मग कर्मणीचा 'बी' आणि शेवटी मुख्य क्रियापद. 'द रोड मे हॅव बीन बीइंग रिपेअर्ड' हे वाक्य सहसा कुणी बोलत नाही, पण व्याकरणात ते चोख बसतं. त्यातल्या कुठल्याही दोन शब्दांची अदलाबदल केली की ते कोसळतं.

ही रचना सूत्रात बसवली ती नोम चॉम्स्की यांनी, 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या 1957 सालच्या छोट्याशा पुस्तकात. 'हॅव' आणि तिसऱ्या रूपाचा प्रत्यय हे मुळात एकाच जोडीचे दोन भाग. जोडीतला शब्द जागेवर राहतो आणि प्रत्यय उडी मारून पुढच्या शब्दावर जाऊन बसतो, असं त्यांनी दाखवलं. काळाचा प्रत्यय मात्र सगळ्यांच्या आधी असतो, म्हणून तो पहिल्या शब्दावर पडतो. चॉम्स्कींचं बाकी भाषाशास्त्र न पटणारेही या मांडणीला सहसा दाद देतात.

आपल्याकडे मात्र इंग्रजी काळ म्हटला की डोळ्यांपुढे बारा खणांचा तक्ता येतो. वर्तमान, भूत, भविष्य यांना साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण यांनी गुणायचं, झाले बारा. 1930च्या दशकात आलेलं रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण भारतात घरोघरी गेलं आणि बारा काळांची ही मांडणी पिढ्यांच्या डोक्यात बसली. पाठांतराला तक्ता बरा आहे. पण इंग्रजीचं मोठं संदर्भ-व्याकरण लिहिणारे, म्हणजे 1985 सालचे रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांचे सहकारी किंवा 2002 सालचे हडलस्टन आणि पुलम, इंग्रजीत क्रियापदाच्या रूपावरून दिसणारे काळ दोनच मानतात: वर्तमान आणि भूत. 'विल गो'ला शाळेत भविष्यकाळ म्हणतात, पण त्यातला 'विल' हा 'मे', 'कॅन' यांच्याच पंगतीतला. मराठीत 'जाईन', 'जाशील' अशी खास भविष्याची रूपं आहेत, इंग्रजीत ती नाहीत. बारा खण पाठ करणाऱ्या मुलाला 'दोनच काळ, बाकी सगळी रांगेची करामत' असं सांगितलं असतं तर त्याचा जीव थोडा हलका झाला असता.

'डिड' या रांगेत आला कुठून? शेक्सपिअरच्या काळापर्यंत इंग्रजीत मराठीसारखाच नकार चालत होता: 'आय वेंट नॉट.' प्रश्नही 'केम ही?' असा क्रियापद उचलून पुढे ठेवून विचारता यायचा. शेक्सपिअरच्या नाटकांत 'डू'वाले आणि 'डू'विना असे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी सापडतात. स्वीडिश अभ्यासक अल्व्हार एलेगोर्ड यांनी जुने मजकूर चाळून, मोजून या बदलाचा आलेख काढला. त्यांचा ग्रंथ 1953 सालचा. पंधराव्या शतकात तुरळक दिसणारा हा 'डू' पुढच्या दोन शतकांत नकारात आणि प्रश्नात पक्का झाला. 'नो' म्हणजे जाणणे यासारखी काही क्रियापदं मात्र बराच काळ जुन्या पद्धतीलाच चिकटून होती.

आजच्या 'डिड'ला स्वतःचा अर्थ जवळजवळ नाही. रांगेत दुसरा कुणी सहायक नसेल तेव्हा शिक्का मारून घ्यायला त्याला पुढे करतात, एवढंच त्याचं काम. म्हणून 'शी वॉज गोइंग'चा नकार करताना 'डिड' लागत नाही. 'वॉज' आहेच, त्याला 'नॉट' जोडला की झालं. 'शी वेंट'मध्ये सहायक नाही, तेव्हा 'डिड' येतो, शिक्का स्वतःवर घेतो, आणि शिक्का गेलेलं 'वेंट' पुन्हा 'गो' होतं. जोर द्यायचा असला तरी हाच येतो: 'आय डिड गो!' म्हणजे 'गेलो होतो म्हणजे होतोच!' वाक्याच्या शेपटीलाही तोच: 'यू वेंट देअर, डिडन्ट यू?' मराठीत 'ना?' या एका अक्षरावर भागतं. इंग्रजीत शिक्का कुठल्या शब्दावर आहे ते शोधून त्याची शेपटी करावी लागते.

एका ठिकाणी मात्र हा 'डिड' दांडी मारतो आणि शिकणारा फसतो. 'कोण आलं?' याचं इंग्रजी 'हू केम?' इथे कर्ताच प्रश्न झाला आहे, त्यामुळे शब्दांचा क्रम हलत नाही आणि 'डिड' लागत नाही. 'तू कुणाला पाहिलंस?' विचारायचं तर मात्र 'हू डिड यू सी?' या दोन वाक्यांतला फरक नजरेतून सुटला की 'हू डिड केम?' जन्माला येतं.

'हॅड' हा खास भारतीय लाडका. 'आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे', 'वी हॅड मेट लास्ट वीक', 'आय हॅड कॉल्ड यू इन द मॉर्निंग'. कुठल्याही मराठी कार्यालयातल्या ईमेल उघडाव्यात, दहा ओळींत दोन-तीन 'हॅड' सापडतात. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्यांनी ही लकब नोंदवलेली आहे, आणि तिचं मूळही मराठी-हिंदीतच आहे.

'मी काल नाशिकला गेलो' आणि 'मी काल नाशिकला गेलो होतो' ही दोन वाक्यं मराठी कानाला सारखी नाहीत. दुसऱ्यात जाऊन परत आल्याची सूचना आहे. गोष्ट घडली आणि संपली, तिचा परिणाम आता शिल्लक नाही. 'मी सकाळी फोन केला होता' म्हणणारा माणूस जणू सुचवतो, तू उचलला नाहीस, ते प्रकरण तिथेच राहिलं. मराठीतल्या 'होतो'ला दुसरी कुठली घटना सोबतीला लागत नाही. इंग्रजीतल्या 'हॅड'ला ती लागते. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' स्टेशनवर पोहोचणं हा भूतकाळातला एक क्षण. त्या क्षणी उभं राहून मागे बघितलं तर गाडी आधीच सुटलेली. 'हॅड' म्हणजे मागच्या एखाद्या ठिकाणी उभं राहून आणखी मागे बघणं. तसं ठिकाणच वाक्यात किंवा आसपास नसेल तर इंग्रज वाचक शोधत राहतो: जाऊन आलात ते कशाच्या आधी? त्याला 'आय वेंट टू नाशिक यस्टरडे' पुरतं.

हे 'हॅड' चूक ठरवून मोडीत काढावेत का, यावर दोन मतं होऊ शकतात. भारतातल्या भारतात ते सगळ्यांना समजतात आणि कुणाचं काही अडत नाही. परदेशी वाचक समोर असला, करार किंवा अहवाल लिहायचा असला, की मात्र कुठली घटना आधीची हे नेमकं कळलं पाहिजे. तिथे सढळ हाताने टाकलेला 'हॅड' खरोखर घोळ घालतो.

'आय हॅव सीन हिम यस्टरडे' ही चूक याच्या उलट्या बाजूची. पहिल्या शब्दाचा नियम लावला की ती लगेच पकडता येते. रांगेतला पहिला शब्द 'हॅव', त्याच्यावरचा शिक्का वर्तमानाचा. म्हणजे हे वाक्य आजच्या दारात उभं आहे. मी त्याला पाहिलं आहे, माझ्याकडे आता ती माहिती आहे. त्यात 'काल' घुसवला की आज आणि काल एकाच वाक्यात भांडायला लागतात. मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' सर्रास चालतं, म्हणून मराठी माणसाला इथे काही खटकत नाही. गंमत म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांतही याबाबत एकवाक्यता नाही. ब्रिटिश माणूस 'हॅव यू ईटन यट?' विचारेल तिथे अमेरिकन सहज 'डिड यू ईट यट?' म्हणून जाईल. 'काल'सोबतचा 'हॅव' मात्र दोघांनाही नको असतो.

सवयीच्या गोष्टींसाठी मराठीत 'आजोबा रोज पहाटे उठायचे' किंवा जरा पुस्तकी 'उठत असत' आहे. इंग्रजीत त्याला 'यूज्ड टू गेट अप' किंवा 'वुड गेट अप' म्हणतात. त्यातला 'वुड' फक्त कृतीच्या सवयीला चालतो. 'आमचा एक वाडा होता, आता नाही' हे सांगायला 'यूज्ड टू हॅव'च लागतो. आणि नकारात पुन्हा तेच घडतं: 'डिडन्ट यूज टू'. शिक्का 'डिड'ने घेतला, म्हणून लिहिताना 'यूज्ड'मधला डी गळतो. उच्चारात काहीच फरक पडत नसल्यामुळे जन्माने इंग्रजी बोलणारेही हे सर्रास चुकीचं लिहितात. 'कुड हॅव'मधला 'हॅव' बोलताना इतका बारीक होतो की तेच लोक 'कुड ऑफ' असंही लिहून टाकतात. तेव्हा आपणच फक्त गोंधळतो असं मानायचं कारण नाही.

मराठी माणसाची आणखी एक ठरलेली ठेच म्हणजे 'मस्ट'. 'त्याला जावं लागलं' आणि 'तो गेला असणार' यांत मराठीत गल्लत होऊच शकत नाही. इंग्रजीत 'मस्ट'ला भूतकाळाचं रूपच नाही. सक्ती मागे न्यायची तर शब्दच बदलावा लागतो: 'ही हॅड टू गो.' 'मस्ट' कायम ठेवून मागे 'हॅव' लावला, 'ही मस्ट हॅव गॉन', तर सक्ती जाते आणि उरतो तो बोलणाऱ्याचा अंदाज. 'कॅन'ला 'कुड', 'विल'ला 'वुड', 'मे'ला 'माइट' ही जुनी भूतकाळी रूपं आहेत, 'शॅल'ला 'शुड' आहे. 'मस्ट'च्या वाट्याला आज तसं काही नाही.

आता शिक्क्याचा आकार. नियमित क्रियापदांना 'ईडी' लागतो. लिहिताना एकच, बोलताना तीन. 'वॉक'चा भूतकाळ 'वॉक्ट', 'प्ले'चा 'प्लेड', 'वॉन्ट'चा 'वॉन्टिड'. मराठी व्याकरणात संधी शिकलेल्याला यात नवं काही वाटू नये. कठोर व्यंजनानंतर प्रत्यय कठोर होतो, मृदू वर्णानंतर मृदू; 'वाक् + ईश = वागीश' होताना शेजारचा वर्ण जसा आपला रंग चढवतो, तसंच. शेवटी ट किंवा ड असेल तर दोन सारखे आवाज एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे स्वर येतो. आपल्याकडे 'किक्ड', 'वॉक्ड' असा डी ठासून उच्चारायची रीत आहे, ती स्पेलिंग वाचून आलेली.

पूर्वी हा 'एड' सगळीकडेच सुटा उच्चारला जात असे. तो गळू लागला तेव्हा विद्वानांना ते अजिबात रुचलं नाही. जोनाथन स्विफ्ट यांनी 1712 साली इंग्रजी भाषा सुधारण्याचा जो प्रस्ताव छापला, त्यात स्वर खाऊन व्यंजनं एकमेकांत कोंबण्याच्या या खोडीवर कडाडून टीका आहे. भाषेने त्यांचं ऐकलं नाही. 'लर्निड' म्हणजे विद्वान, 'नेकिड', 'विकिड' अशा मोजक्या शब्दांत तो जुना स्वर आजही ऐकू येतो.

अनियमित क्रियापदांचा पसारा खरा जुना. 'सिंग, सँग, संग' यात प्रत्यय नाही, पोटातला स्वरच बदलतो. ही जर्मन कुळातल्या भाषांची पुराणी पद्धत. 'पुट', 'कट', 'हिट' यांच्यात तर काहीच बदलत नाही, आणि तिथेही इंग्रजी एक फट ठेवते. 'ही पुट्स' म्हणजे तो ठेवतो, 'ही पुट' म्हणजे त्याने ठेवलं. एस नाही, यावरूनच भूतकाळ ओळखायचा. 'रीड'चं स्पेलिंग तेच राहतं, वाचताना 'रेड' होतं.

'गो'चं 'वेंट' कसं झालं, हे कोडं प्रत्येक मुलाला पडतं. 'वेंट' हा मुळात 'वेंड' या वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळ. 'गो'चा जुना भूतकाळ काही वेगळाच होता, तो मागे पडला आणि त्याच्या जागी हा पाहुणा येऊन बसला. पण हे ऐकून इंग्रजीला हसण्याआधी मराठी माणसाने आपलं 'जाणे' बघावं. 'जातो' संस्कृत 'या' धातूतून आलं, 'गेला' 'गम्' धातूच्या 'गत'वरून. दोन्ही भाषांनी जाण्यासाठी दोन धातूंची मोट बांधलेली आहे. 'कर'चं 'केला', 'ये'चं 'आला', 'हो'चं 'झाला', 'मर'चं 'मेला', 'घे'चं 'घेतला': आपल्याही रोजच्या क्रियापदांनीच सर्वांत जास्त नियम मोडलेले आहेत.

हा योगायोग नाही. 2007 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एरेझ लिबरमन, जाँ-बाप्टिस्ट मिशेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतल्या 177 अनियमित क्रियापदांचा हिशेब मांडला. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली 145 अनियमित राहिली. आजच्या इंग्रजीत उरली 98. कुठलं क्रियापद किती वेळा वापरलं जातं यावर त्याचं आयुष्य ठरतं, आणि त्याचं गणितही त्यांनी दिलं: शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमित होतं. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, आज 'हेल्प्ड' आहे. 'बी', 'हॅव', 'डू', 'गो' ही मात्र रोज तोंडात असल्यामुळे कुणी विसरत नाही, म्हणून टिकतात. आणि याच्या उलटही होतं. 'स्नीक'चं सरळ 'स्नीक्ड' असताना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे 'स्नक' निघालं आणि आता ते छापील मजकुरातही दिसतं.

मुलं हे सगळं शिकतात कशी? इंग्रजी घरातलं लहान मूल आधी बिनचूक 'वेंट' म्हणतं, मग काही महिने 'गोड' म्हणजे 'गो' अधिक 'डी', आणि पुन्हा 'वेंट'वर येतं. मधली चूक ही खरं तर प्रगती असते. त्याला नियम सापडलेला असतो. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने मुलांना चित्रं दाखवून खोट्याच क्रियापदांचा भूतकाळ विचारला. 'हा माणूस रिक करतो, काल त्याने काय केलं?' मुलं पटकन 'रिक्ट' म्हणाली. 'ग्लिंग'ला बहुतेक मुलांनी 'ग्लिंग्ड' केलं. प्रौढांपैकी पुष्कळांना मात्र 'ग्लँग' किंवा 'ग्लंग' सुचलं. 'मेल्टेड' ठाऊक असलेली मुलं 'मॉट' या बनावट शब्दाला 'मॉटेड' करायला अडखळली. ट ने संपणाऱ्या शब्दाला आधीच शिक्का बसलाय असं त्यांना वाटलं असावं.

या एवढ्याशा प्रत्ययावर पुढे संगणकवाल्यांचीही लढाई झाली. डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी 1986 साली एका संगणकी जाळ्याला 420 इंग्रजी क्रियापदांचे भूतकाळ शिकवले. नियम एकही सांगितला नाही, फक्त जोड्या दाखवल्या. जाळं बऱ्यापैकी शिकलं, मधल्या टप्प्यात मुलांसारख्या चुकाही करू लागलं. पण न पाहिलेल्या 'मेल' या शब्दाचा भूतकाळ त्याने 'मेम्बल्ड' असा काहीतरी अगम्य केला. स्टीव्हन पिंकर आणि अॅलन प्रिन्स यांनी 1988 साली त्याची चिरफाड केली: माणसाच्या डोक्यात नियमही असतो आणि पाठांतरही, नुसत्या जोड्यांवर भागत नाही. या वादातलं पिंकर यांचं एक लाडकं उदाहरण बेसबॉलमधलं आहे. चेंडू उंच उडवून झेलबाद झालेल्या खेळाडूबद्दल इंग्रजीत 'फ्ल्यू आउट' म्हणत नाहीत, 'फ्लाइड आउट' म्हणतात. कारण हे क्रियापद 'उडणे' यावरून आलेलं नाही, 'फ्लाय' म्हणजे उंच फटका या नामावरून आलं आहे, आणि नामावरून बनलेल्याला नियमित प्रत्ययच लागतो. आजची बोलणारी यंत्रं रुमेलहार्ट-मॅक्लेलंड यांच्याच वाटेने, पण अवाढव्य मजकूर पचवून इंग्रजी भूतकाळ बिनचूक लावतात. त्याने वाद मिटला असं दोन्ही बाजू मानत नाहीत.

मराठी वाचकाला शेवटपर्यंत छळणारा भाग या रूपांचा नाहीच. तो आहे दुसऱ्याचं बोलणं सांगण्याचा. 'तो म्हणाला की मी आजारी आहे.' मराठी माणूस दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे आणून ठेवतो. 'मी' कोण हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत सांगणाऱ्याला आपल्या जागेवरूनच सांगावं लागतं: 'ही सेड ही वॉज इल.' 'म्हणाला' मागे गेला की आतलं 'आहे'ही त्याच्यामागून मागे सरकतं. म्हणून 'ही सेड दॅट आय ॲम इल' असं मराठी वळणाने लिहिलं की आजारी पडतो तो लिहिणाराच.

'तर'ची वाक्यंही अशीच उलटी. 'पाऊस पडला तर आम्ही जाणार नाही' यात मराठीने 'पडला' हे भूतकाळी रूप अगदी खऱ्या शक्यतेसाठी वापरलं आहे. इंग्रजीत ती शक्यता वर्तमानाने सांगतात, 'इफ इट रेन्स'. तिथे भूतकाळ वापरला, 'इफ इट रेन्ड', तर बोलणारा सुचवतो की पाऊस काही पडायचा नाही. इंग्रजी शिक्क्याचं हे दुसरं काम आहे: जे आत्ता नाही, त्याबरोबर जे खरं नाही तेही दाखवणं. उलट हाक मारल्यावर जिना उतरायच्या आधीच 'आलो, आलो!' म्हणणं मराठी माणसाला सहज जमतं. त्याचं 'आय केम' केलं तर इंग्रज दाराकडे बघत राहील. त्याचं उत्तर 'कमिंग'.

तिसरं काम सौजन्याचं, आणि तिथे मराठी-इंग्रजीचं अगदी पटतं. 'आय वॉन्ट टू आस्क' उद्धट वाटू शकतं, 'आय वॉन्टेड टू आस्क' मवाळ. विचारायचं आत्ताच असतं, तरी एक पाऊल मागे उभं राहून विचारलं जातं. 'कुड यू', 'वुड यू' ही विनंतीची रूपंही मुळात 'कॅन' आणि 'विल' यांचे भूतकाळच. कापडाच्या दुकानात 'मला एक शर्ट बघायचा होता' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार 'मग आता नकोय का?' असं विचारत नाही. साइझ विचारतो आणि काउंटरवर शर्टांचा ढीग घालतो.